एक्स्पर्ट सिस्टममध्ये प्रोटोटाइप कशासाठी, आणि तो पुढे ठेवायचा की टाकायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मशीनमधले बिघाड ओळखणारी एक्स्पर्ट सिस्टम, म्हणजे तज्ज्ञाचं ज्ञान 'असं असेल तर तसं' अशा नियमांत घालून सल्ला देणारा प्रोग्राम, बनवायची आहे. मॅनेजरचा आग्रह आहे की आधी सगळ्या रिक्वायरमेंट्स लिहा, सही घ्या, मगच कोडिंगला हात लावा. ज्यांच्या अनुभवावर सिस्टम उभी राहणार ते तज्ज्ञ म्हणतात, "काहीतरी चालू करून दाखवा, मग सांगतो." अशा वेळी प्रोटोटाइपवर, म्हणजे कामापुरत्या कच्च्या नमुन्यावर, वेळ घालवावा का? आणि घातला तर तोच प्रोटोटाइप वाढवत न्यायचा, की बाजूला ठेवून नव्याने लिहायचं?

तज्ज्ञांचं ऐका. ते टाळाटाळ करत नाहीत, खरं तेच सांगत आहेत.

पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर करायचं असेल तर नियम कुठेतरी लिहिलेले असतात. ते गोळा करायला कष्ट पडतात, पण ते आहेत. एक्स्पर्ट सिस्टमची रिक्वायरमेंट मात्र एका माणसाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीत मुरलेली असते आणि खुद्द त्या माणसाजवळही ती वाक्यांच्या रूपात नसते. ज्ञान बाहेर काढण्याच्या या अडचणीला या क्षेत्रातले एक अग्रणी संशोधक एडवर्ड फायगेनबॉम यांनी 1970 च्या दशकातच 'बॉटलनेक' म्हटलं होतं. तर्क चालवणारं इंजिन तयार करता येतं, खोळंबा होतो तो ज्ञान मिळवताना. म्हणूनच या क्षेत्रात प्रोटोटाइपचं मुख्य काम ग्राहकाला नमुना दाखवणं हे नाही. तज्ज्ञाला बोलतं करण्याचं ते साधन आहे. ही एक गोष्ट पटली की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. सेंट्रिफ्यूगल पंपांचे बिघाड कंपनांवरून ओळखायचे होते. तज्ज्ञांच्या तीन लांबलचक मुलाखती झाल्या, टेप करून उतरवून घेतल्या. त्यांनी नीट, शिकवल्यासारखं सांगितलं होतं: फिरण्याच्या वेगाइतक्याच फ्रीक्वेन्सीला, म्हणजे आमच्या भाषेत 'वन एक्स'ला, त्रिज्येच्या दिशेने कंपन जास्त असेल तर अनबॅलन्सचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला झुकल्याचा, संशय घ्या. दुप्पट फ्रीक्वेन्सी आणि शाफ्टच्या दिशेने कंपन जास्त असेल तर मिसअलाइनमेंट, म्हणजे पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत नसणं. खडी घोळवल्यासारखा आवाज येत असेल तर कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात बाष्पाचे बुडबुडे होऊन फुटणं. आम्ही चाळीसेक नियम लिहिले आणि एक जुनं प्रकरण घातलं. 2980 आरपीएमचा पंप, 50 हर्ट्झच्या किंचित खाली ठसठशीत शिखर. सिस्टमने निर्वाळा दिला, अनबॅलन्स.

तज्ज्ञांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि लगेच म्हणाले, "छे, हे नाही. अहो, हा पंप शेवटचा उघडला कधी होता, ते कुठे विचारलंय तुम्ही?"

नोंदवही काढली. चार दिवसांपूर्वी सील बदलण्यासाठी कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) सोडलं होतं. ते म्हणाले, "इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) एका रात्रीत असंतुलित होत नाही. काही तुटलं किंवा आत अडकलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर झिजून झिजून, थर साचून साचून हळूहळू होतो. चार दिवसांपूर्वी कुणीतरी हात लावलाय ना, मग आधी कपलिंग बघा. गरम पाणी उपसणारा पंप आहे, अलाइनमेंट थंड असताना घेतली असणार. तापला की केसिंग वर उचललं जातं आणि शाफ्टची रेष चुकते." मग वन एक्सचं शिखर मिसअलाइनमेंटमध्येही दिसू शकतं, हेही ओघात सांगून गेले.

तीन मुलाखतींत हा प्रश्न एकदाही आला नव्हता. त्यांनी तो लपवला नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो सांगण्याजोगाच नव्हता, श्वास घेण्याइतका तो त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मुलाखतीत तज्ज्ञ माणूस बहुतेकदा पाठ्यपुस्तक सांगतो. चुकीचं उत्तर समोर आलं की मात्र त्याच्यातला खरा कारागीर बोलायला लागतो. दुसऱ्याची चूक दिसणं हे स्वतःच्या ज्ञानाचं वर्णन करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

या प्रसंगात नेमकं काय सापडलं, याकडे जरा बारकाईने बघा. वरवर पाहता एक नियम राहून गेला होता. प्रत्यक्षात आमच्या मांडणीत 'काळ' नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक पंप म्हणजे एका क्षणाची काही रीडिंग्ज, एवढंच आम्ही गृहीत धरलं होतं. 'शेवटचं काम कधी आणि कोणतं', 'कंपन एकदम वाढलं की हळूहळू' यांना जागाच ठेवली नव्हती. नियम राहिला तर दहा मिनिटांत घालता येतो, पण संकल्पना राहिली तर सगळा नॉलेज बेस, म्हणजे नियमांचा अख्खा साठा, उसवावा लागतो. चाळीस नियमांवर उसवायला आम्हाला दोन दिवस लागले. आठशे नियमांवर तीच वेळ आली असती तर प्रकल्पच बसला असता. पहिला प्रोटोटाइप एवढ्यासाठीच करायचा असतो: कोणती संकल्पना आपल्या मांडणीतून सुटली आहे, हे स्वस्तात कळावं म्हणून.

इतिहासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आर-वनचं, म्हणजे पुढे एक्सकॉन नावाने ओळखल्या गेलेल्या सिस्टमचं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनला व्हॅक्स संगणकाच्या ऑर्डरी तपासून कोणता भाग कुठे बसवायचा, काय कमी आहे, हे ठरवणारी सिस्टम हवी होती. फोर्ट्रान आणि बेसिकमध्ये सरळ प्रोग्राम लिहायचे आधीचे प्रयत्न फसले होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी डिसेंबर 1978 मध्ये काम हाती घेतलं. 1979 च्या एप्रिलपर्यंत साधारण 250 नियमांची, अगदी सोप्या ऑर्डरीच झेपणारी आवृत्ती उभी होती. ती तज्ज्ञांसमोर ठेवायची, त्यांनी चुका काढायच्या, त्या सुधारायच्या, असं करत त्या शरद ऋतूपर्यंत नियम सुमारे 750 झाले. मग 50 खऱ्या ऑर्डरी घालून प्रत्येक निकाल तज्ज्ञांकडून तपासून घेतला, आणि 1980 च्या सुरुवातीला सिस्टम प्रत्यक्ष वापरात गेली. पहिल्या दिवशी कुणी संपूर्ण रिक्वायरमेंट मागितली असती तर ती देणारा माणूसच त्या कंपनीत सापडला नसता. ते ज्ञान कुणा एकाकडे नव्हतं, चुका दाखवता दाखवता ते जमा होत गेलं.

आता पहिला प्रोटोटाइप कसा असावा? अरुंद आणि खोल. सगळ्या बिघाडांना थोडं थोडं शिवणारा प्रोटोटाइप दिसायला छान दिसतो, पण त्याच्यातून काही शिकायला मिळत नाही, कारण तज्ज्ञाला खोडून काढण्याइतकं ठोस त्यात काहीच नसतं. बिघाडांचं एकच कुटुंब घ्या, उदाहरणार्थ फक्त कपलिंग आणि बेअरिंग, आणि तेवढ्यापुरतं लक्षणापासून अंतिम सल्ल्यापर्यंत सगळं चालवून दाखवा. जुनी खरी प्रकरणं घ्या, ज्यांचं उत्तर नंतर मशीन उघडून सिद्ध झालं आहे अशी. काल्पनिक उदाहरण दिलं की तज्ज्ञही काल्पनिक उत्तर देतो.

या विषयावर पुस्तक लिहिणारे डोनाल्ड वॉटरमन यांनी एक्स्पर्ट सिस्टमच्या वाढीचे पाच टप्पे सांगितले होते: दाखवण्यापुरता प्रोटोटाइप, संशोधनाचा प्रोटोटाइप, प्रत्यक्ष जागेवरचा प्रोटोटाइप, मग उत्पादनातली आवृत्ती आणि शेवटी विक्रीयोग्य सिस्टम. पहिल्या टप्प्याला त्यांनी 50 ते 100 नियमांचा अंदाज दिला होता. हे आकडे त्या काळचे आहेत, पण पहिल्या प्रोटोटाइपचा जीव एवढाच असावा हे मला आजही पटतं. याहून मोठा झाला की त्याच्यावर माया जडते आणि मग तो मोडवत नाही.

पहिल्या दोन-तीन बैठकांना तर कोडचीही गरज नसते. प्रश्न कार्डांवर लिहा. तज्ज्ञाला मशीनचं फक्त नाव सांगा आणि तो जे विचारेल तेवढंच कार्ड उलटून दाखवा. तो कोणत्या क्रमाने विचारतो ते लिहून ठेवा. हा क्रम सोन्यासारखा आहे. उत्तर तर पुस्तकातही सापडेल, पण आधी काय विचारायचं आणि काय विचारण्यात वेळ घालवायचा नाही, हे पुस्तकात नसतं.

कोडला लागल्यावर मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी हवी: 'का विचारतोस?' आणि 'हे कसं ठरवलंस?' याची उत्तरं. स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 1970 च्या दशकात मायसिन ही रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या उपचारांवर सल्ला देणारी सिस्टम बांधली, तिच्यात या दोन्ही सोयी होत्या. रँडल डेव्हिस यांच्या टायरेसियसने त्यापुढची पायरी गाठली. तज्ज्ञाला निष्कर्ष पटला नाही तर तर्काची साखळी मागे मागे उलगडत नेमका कोणता नियम चुकला किंवा कोणता कमी पडला, तिथपर्यंत ती त्याला घेऊन जाई. पुष्कळ टीम स्पष्टीकरणाची सोय 'नंतर करू' म्हणून शेवटाला ढकलतात. ती वापरणाऱ्याच्या आधी तुम्हाला लागते. तिच्याविना तज्ज्ञ फक्त "चूक आहे" एवढंच म्हणू शकतो, कुठे चूक आहे ते सांगू शकत नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. प्रोटोटाइपमध्ये निश्चितीचे आकडे घातले की बैठका 0.6 की 0.7 या वादात बुडतात. मायसिनमध्ये उणे 1 ते अधिक 1 असे सर्टन्टी फॅक्टर होते. पुढे त्या संशोधकांनीच ते मुद्दाम ठोकळ करून पाहिले, तर उपचारांच्या शिफारशीत फारसा फरक पडला नाही. सुरुवातीला 'पक्कं', 'बहुतेक', 'शक्य' एवढ्या तीन पायऱ्या पुरतात. खरा जीव कोणता नियम कशाला जोडला आहे यात असतो.

साधनाबद्दल, म्हणजे शेलबद्दल (नियम चालवणारं तयार इंजिन, ज्यात आपण फक्त ज्ञान भरायचं), फार लिहीत नाही. क्लिप्स आहे, ड्रूल्स आहे, ज्यात तुमचा हात बसला आहे ते घ्या. (क्लिप्सची पहिली आवृत्ती हीसुद्धा मुळात प्रोटोटाइपच होती. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये 1985 साली दोन महिन्यांहून थोड्या जास्त अवधीत ती तयार झाली.) फक्त शेल तुमच्या विचाराला स्वतःचं वळण देतं, एवढं ध्यानात असू द्या. मायसिनमधून जंतुसंसर्गाचं ज्ञान काढून टाकून एमायसिन नावाचं रिकामं शेल बनवलं आणि त्यावर फुप्फुसाच्या चाचण्यांचा अर्थ लावणारी पफ ही सिस्टम उभी राहिली. ते जमलं, कारण दोन्हीकडे काम निदानाचं होतं, संशयापासून पुराव्याकडे मागे जायचं होतं. आर-वनमध्ये काम जुळणीचं होतं, तिथे आहे त्या भागांपासून पुढे जावं लागलं. तुमचा तज्ज्ञ कोणत्या दिशेने विचार करतो हे प्रोटोटाइपवर कळलं, आणि निवडलेलं शेल त्याच्या उलट्या दिशेचं निघालं, तर ते त्याच आठवड्यात बदला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

प्रोटोटाइप चालायला लागला की तो सगळ्यांना आवडतो, आणि मग "हाच वाढवू या" असा आवाज निघतो. इथे प्रकल्प बिघडतात. घाईत लिहिलेल्या नियमांत ज्ञान कसं दडून बसतं, त्याचं मायसिनमधलं एक उदाहरण पाहा. एका नियमात रुग्ण दारूच्या व्यसनाचा आहे का, ही अट होती आणि तिच्या आधी रुग्णाचं वय 17 च्या वर आहे का, ही अट. वैद्यकीयदृष्ट्या वयाचा त्या निष्कर्षाशी संबंध नव्हता. लहान मुलाबद्दल सिस्टमने "हा दारू पितो का?" असं विचारू नये, म्हणून ती अट आधी लिहिलेली. म्हणजे 'मुलं सहसा दारूची व्यसनी नसतात' हे जगाचं ज्ञान आणि 'निरर्थक प्रश्न टाळा' हे धोरण, दोन्ही अटींच्या क्रमात गाडली गेली होती, कुठेही शब्दांत लिहिलेली नव्हती. तसंच टेट्रासायक्लिनचं. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना ते देऊ नका असा नियम होता, पण वाढत्या दातांवर आणि हाडांवर त्याचा परिणाम होतो हे कारण नियमात नव्हतं. विल्यम क्लॅन्सी यांनी हेच नियम वापरून विद्यार्थ्यांना शिकवणारी गायडन नावाची सिस्टम केली तेव्हा हे उघडं पडलं: नियम बरोबर उत्तर देत होते, पण शिकवायला त्यांच्यात काही नव्हतं. अखेर धोरण आणि वैद्यकीय ज्ञान वेगळं काढून निओमायसिन नव्याने मांडावी लागली.

एक्सकॉनचंही पुढे हेच झालं. नियम हजारोंनी वाढले, नवी उत्पादनं येतील तसे त्यांतले पुष्कळ सतत बदलावे लागत, आणि एक नियम हलवला की दुसरीकडे काय मोडेल याचा भरवसा राहिला नाही. शेवटी राइम नावाची शिस्तबद्ध पद्धत आखून ती सगळी पुन्हा रचायला घ्यावी लागली. युरोपात याच अनुभवांतून कॅड्स ही पद्धत आली. तिचं म्हणणं असं की नियम लिहीत सुटू नका, आधी ज्ञानाचा आराखडा कागदावर मांडा. काही जण हे दोन परस्परविरोधी पंथ असल्यासारखे भांडतात. मला दोन्ही लागतात. आराखड्यात काय घालायचं ते मला प्रोटोटाइपवाचून कळत नाही, आणि आराखड्यावाचून मी प्रोटोटाइपच्या पुढे एक पाऊल टाकत नाही.

म्हणून माझं उत्तर: कोड टाकून द्या, बाकीचं सगळं जपा. फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये, सॉफ्टवेअर प्रकल्पांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात, पहिली आवृत्ती टाकून द्यायचीच आहे असं धरून चाला, असं लिहिलं होतं. पुढे त्यांनीच तो सल्ला फार ढोबळ होता म्हणून मागे घेतला, आणि सर्वसाधारण सॉफ्टवेअरसाठी ते योग्यच आहे. एक्स्पर्ट सिस्टमच्या पहिल्या प्रोटोटाइपला मात्र मी अजून तो जसाच्या तसा लावतो. जपायचं काय? तपासलेली प्रकरणं, प्रत्येकाचं सिद्ध झालेलं उत्तर, तज्ज्ञाने कुठे आणि काय म्हणून अडवलं त्याचे शब्द, त्याची संज्ञांची यादी, आणि दोन तज्ज्ञांत मतभेद झाले त्या जागा. पंपांच्या त्या कामात शेवटी आमच्याकडे 63 प्रकरणांची फाइल झाली. दुसरी आवृत्ती कोऱ्या पानावर लिहिली आणि दररोज संध्याकाळी ती सगळी प्रकरणं तिच्यावरून फिरवली. नियम एकही नुसता नकलून घेतला नाही. घ्यायचा असेल तर तो का खरा आहे हे एका वाक्यात लिहायचं, ही अट होती. जवळजवळ एक पंचमांश नियम त्या वाक्यावरच अडकले आणि गळले.

प्रत्यक्ष जागेवरचा प्रोटोटाइप हे आणखी निराळं प्रकरण आहे, आणि तो चुकवू नका. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूज्वराच्या 10 प्रकरणांवर मायसिनच्या शिफारशींना आठ तज्ज्ञ परीक्षकांनी 65 टक्के वेळा स्वीकारार्ह ठरवलं. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांपैकी सर्वांत वरचा आकडा 62.5 टक्के होता. तरीही ती रुग्णालयात रोजच्या वापरात कधी आली नाही. ज्ञान बरोबर असणं आणि कामाच्या ओघात बसणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आमच्या पंपांच्या सिस्टमला पहिल्या दिवशी 22 प्रश्न होते. तेलकट हातमोजे घातलेला फिटर तिसऱ्या प्रश्नाला कीबोर्ड सोडून गेला. त्याच्याशेजारी उभं राहून पाहिलं तेव्हा समजलं की अकरा प्रश्नांची उत्तरं नोंदवहीच्या डेटाबेसमध्ये आधीच होती.

हल्ली मशीनचं मॅन्युअल एखाद्या एआय भाषा मॉडेलला देऊन शंभर नियम तासाभरात लिहून घेता येतात. जरूर घ्या. पहिल्या बैठकीत तज्ज्ञाने खोडायला कच्चा माल म्हणून तो उत्तम आहे, कारण मॅन्युअलमधलं ज्ञान तज्ज्ञाने स्वतः सांगत बसण्याचा वेळ वाचतो. पण 'हा पंप शेवटचा उघडला कधी' हे त्या शंभरात असेल असं धरून चालू नका.

मॅनेजरना काय सांगायचं? त्यांची भीती खरी आहे. प्रोटोटाइप या नावाखाली वर्षभर भटकणारे प्रकल्प मीही पाहिले आहेत. म्हणून रिक्वायरमेंटच्या जागी त्यांना प्रश्नांचा कागद द्या: या प्रोटोटाइपने कोणत्या प्रश्नांचं उत्तर मिळवायचं आहे, किती आठवड्यांत, किती प्रकरणांवर, आणि तज्ज्ञाचे आठवड्याला किती तास लागतील. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर सही घ्या. तज्ज्ञाचा वेळ मिळत नसेल तर प्रोटोटाइपही करू नका, रिक्वायरमेंटही लिहू नका. कधी थांबायचं त्याचीही खूण लिहून द्या. नवं प्रकरण घातल्यावर फक्त एखादा नियम वाढत असेल आणि मांडणी हलत नसेल, असं सलग दहा-बारा प्रकरणांत झालं की प्रोटोटाइप बंद करायचा आणि आराखडा लिहायला बसायचं. तेव्हा जो दस्तऐवज तयार होईल त्यावर मॅनेजरना हवी ती सही खुशाल घ्या. त्या वेळी तिला अर्थ असेल.

हे सगळं ज्ञान माणसाच्या अंगात मुरलेलं असेल तेव्हासाठी. तुमच्या सिस्टमचा काही भाग नुसता लिखित मर्यादांचा असेल, अमुक तापमानाच्या वर अलार्म, तमुक दाबाला बंद, तर त्याला प्रोटोटाइपही नको आणि एक्स्पर्ट सिस्टमही नको. एक डिसिजन टेबल (कोणत्या अटीला कोणती कृती, असा तक्ता) करा आणि तज्ज्ञाचे ते तास कपलिंग-बेअरिंगसाठी राखून ठेवा.